दगडातला सिंह, तुरुंगातला पिंपळ : चांद्याची ओळख कशी घडली?

(१) घुग्घुस हे वर्धा नदीकाठचे कोळशाचे गाव. मराठी, हिंदी, तेलुगू, गोंडी अशा चार भाषा येथील बाजारात सहज कानी पडतात. खाणी आणि कारखान्यांनी दूरदूरच्या मुलखांतून माणसे आणली. निरनिराळ्या भूतकाळांची ही माणसे स्वतःला ‘चांद्याचे’ म्हणवतात, ते कोणत्या आधारावर? उत्तराचा शोध जवळच्या चंद्रपूरच्या वेशीपासून घ्यावा लागतो.

(२) चंद्रपूर म्हणजेच जुना चांदा, गोंड राजांची राजधानी. शहराभोवतीच्या परकोटाला चार मोठे दरवाजे आहेत : जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा. त्यांवर एक शिल्प कोरलेले दिसते. हत्तीला नमवणारा सिंह, हे गोंड राजवटीचे राजचिन्ह. ज्याला वाचता येत नव्हते त्यालाही वेशीत शिरताना कळत असे की, हे राज्य कोणाचे.

(३) चिन्हाला जोड मिळाली कथेची. खांडक्या बल्लाळशहा या राजाच्या अंगावर गळवे होती. झरपट नदीच्या पात्रातील पाण्याने तो बरा झाला. पुढे शिकारीच्या वेळी त्याला एक अद्भुत दृश्य दिसले : कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा त्याच्या कुत्र्याचा पाठलाग करीत होता! राणीने हा शुभसंकेत मानला. ससा ज्या मार्गाने धावला, त्याच मार्गावर परकोट बांधावा, असा सल्ला तिने दिला, असे परंपरा सांगते.

(४) आता एक गंमत पाहा. कुत्र्यावर उलटलेल्या सशाची कथा विजयनगरच्या स्थापनेबाबतही सांगतात आणि अहमदाबादच्याही. म्हणजे चांद्याची कथा खोटी म्हणून टाकून द्यावी काय? नाही. ती घटनेचा पुरावा ठरत नाही. परंतु लोक आपल्या शहराकडे कसे पाहत होते, याचा पुरावा निश्चित ठरते. दुर्बळही येथे बलवानावर उलटतो, हा तिचा आशय आहे.

(५) १७५१ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांनी चांद्याचे राज्य घेतले. शेवटचा राजा नीळकंठशहा कैदेत गेला. १८५३ मध्ये नागपूरचे राज्यही इंग्रजांनी खालसा केले. एका शतकात दोनदा सत्ता पालटली, दरवाजावरचा सिंह मात्र तेथेच राहिला. राज्य गेल्यावर उरलेल्या चिन्हाला अर्थ द्यायला नवी माणसे लागतात.

(६) असा एक माणूस १८५७ मध्ये पुढे आला. मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबूराव शेडमाके यांनी ‘जंगोम सेना’ उभारली. मार्च १८५८ मध्ये त्यांनी राजगड परगणा ताब्यात घेतला. (हा सह्याद्रीतला राजगड नव्हे.) अडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. २९ एप्रिल १८५८ रोजी प्राणहिता नदीकाठच्या चुंचगुंडी येथे इंग्रजांच्या तारखात्याच्या छावणीवर हल्ला झाला. त्यात गार्टलँड आणि हॉल हे दोघे मारले गेले.

(७) या कथेतला सर्वांत अवघड भाग पुढचा आहे. बाबूरावांना पकडून देण्यात अहेरीच्या जमीनदार लक्ष्मीबाई यांचा हात होता. त्याही गोंडच होत्या. डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिश्टन याचा दबाव, जमीनदारी जाण्याची धास्ती आणि बक्षिसाची आशा यांत त्या काळचे अनेक जमीनदार सापडले होते. हा भाग गाळला की, कथा ‘आपले’ आणि ‘परके’ इतकी सोपी होते. पण मग राज्ये का कोसळतात, हे तिच्यातून कधीच कळत नाही.

(८) २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबूरावांना चांद्यात फाशी देण्यात आले. वय अवघे पंचविशीचे. फाशीचा दोर पुन्हा पुन्हा तुटला, असे लोककथा सांगते. ज्या पिंपळाशी ही आठवण जोडलेली आहे, तो चंद्रपूरच्या कारागृहाच्या आवारात आहे. दरवर्षी २१ ऑक्टोबरला लोक तेथे अभिवादनाला जमतात. इंग्रजी दप्तराने ज्याला बंडखोर ठरवले, त्याला लोकांनी ‘वीर’ हे पद दिले आणि तेच टिकले.

(९) चिन्हे सगळीकडे याच रीतीने काम करतात. कॅनडाने १५ फेब्रुवारी १९६५ रोजी मेपलच्या पानाचा ध्वज स्वीकारला, तो इंग्रजी आणि फ्रेंच भाषकांना सारखाच आपला वाटावा म्हणून. त्याच देशाची दुसरी आवडती आठवण म्हणजे खंड ओलांडणाऱ्या लोहमार्गाचा शेवटचा खिळा, ७ नोव्हेंबर १८८५. त्या प्रसिद्ध छायाचित्रात, डोंगर फोडून मार्ग घडवणारे हजारो चिनी मजूर दिसत नाहीत. चिन्ह माणसांना जोडते. पण त्याच्या चौकटीबाहेर कोण राहिले, हे इतिहासाने विचारायचे असते.

(१०) चांद्यात हा प्रश्न आजही जिवंत आहे. २०११ मध्ये गडचिरोलीला स्थापन झालेल्या विद्यापीठाला ‘गोंडवाना’ हे नाव मिळाले. २०१७ मध्ये ‘इको-प्रो’ या संस्थेच्या तरुणांनी परकोटाच्या बुरुजांवरची झुडपे आणि कचरा काढायला सुरुवात केली. श्रमदान करणाऱ्यांना त्यांच्या वंशाचा दाखला कोणी मागितला नाही. ज्याने बुरुज झाडला, त्याचाही तो झाला.

(११) आणि घुग्घुस? येथील कोळसा ज्या खडकांत सापडतो, त्या थरांना भूवैज्ञानिक ‘गोंडवाना’ म्हणतात. हे नाव गोंडांच्या प्रदेशावरूनच घेतले गेले. १८८५ मध्ये ऑस्ट्रियाचे एडुआर्ड झ्यूस यांनी ते एका प्राचीन महाखंडालाच दिले. आज आफ्रिकेच्या आणि अंटार्क्टिकाच्या भूगोलातही ते वाचायला मिळते. घुग्घुसच्या खाणीत उतरणारा कामगार कोणत्याही मुलखातून आलेला असो, तो रोज याच नावाच्या थरात काम करतो. त्याच्या मुलांना सिंहाची, सशाची, बाबूरावांची आणि लक्ष्मीबाईंचीही कथा पूर्ण सांगितली गेली पाहिजे. मगच ‘आम्ही चांद्याचे’ हे शब्द त्यांच्याही तोंडी साजतील.