न्यू यॉर्क जायंट्सचा बचाव आणि पास रश (२००७ हंगाम)

न्यू यॉर्क जायंट्स या अमेरिकन फुटबॉल संघाने २००७ च्या हंगामात नॅशनल फुटबॉल लीगमधील ३२ संघांत सर्वाधिक, म्हणजे ५३ सॅक नोंदवले. त्याच्या आदल्या वर्षी ही संख्या ३२ होती. या हंगामाचा शेवट ३ फेब्रुवारी २००८ रोजी ४२ व्या सुपर बोलमध्ये तोपर्यंत अपराजित असलेल्या न्यू इंग्लंड पेट्रियट्सवर १७–१४ असा विजय मिळवून झाला. त्यामुळे एका वर्षात सुधारलेल्या बचावाचे ठळक उदाहरण म्हणून या संघाचा उल्लेख नेहमी केला जातो. मात्र त्याच दोन हंगामांत संघाविरुद्ध झालेले गुण ३६२ वरून केवळ ३५१ वर आले. सॅक दीडपटीहून अधिक वाढले आणि गुण जवळजवळ तेवढेच राहिले, या विसंगतीमुळे सुधारणा नेमकी कशात झाली हा प्रश्न उभा राहतो.

पारिभाषिक संज्ञा

येथे फुटबॉल म्हणजे भारतात खेळला जाणारा फुटबॉल नव्हे. अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक संघाची आक्रमण करणारी आणि बचाव करणारी अशी अकरा-अकरा खेळाडूंची दोन स्वतंत्र पथके असतात. आक्रमक संघाला चार प्रयत्नांत किमान १० यार्ड पुढे जावे लागते. ते साधले नाही तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. चेंडू पुढे नेण्याचे दोन मार्ग आहेत : तो घेऊन धावणे किंवा तो पुढे फेकणे. फेकण्याचे काम मुख्यत्वे क्वार्टरबॅक करतो.

क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्यास पुरेसा वेळ मिळू नये म्हणून बचावपक्षातील खेळाडू त्याच्यावर जी चाल करून जातात, तिला पास रश म्हणतात. चेंडू हातातून सुटण्यापूर्वीच, जेथून खेळ सुरू झाला त्या रेषेच्या मागे त्याला पाडले, तर तो सॅक होतो. या संज्ञेला मराठीत रूढ प्रतिशब्द नाही. कबड्डीतील ‘पकड’ अर्थाने जवळची आहे, परंतु पकडीने चढाई करणारा बाद होतो, तर सॅकने आक्रमक संघाचा एक प्रयत्न वाया जातो आणि काही यार्डांची माघार पत्करावी लागते. दोघांनी मिळून पाडल्यास प्रत्येकाच्या खात्यावर अर्धा सॅक जमा होतो. हा शब्द रूढ करण्याचे श्रेय लॉस एंजेलिस रॅम्सचा खेळाडू डीकन जोन्स याला दिले जाते. लीगने खेळाडूंच्या सॅकची अधिकृत नोंद मात्र १९८२ पासून ठेवली आहे.

सॅक हे पास रशचे दिसणारे फळ आहे. सगळे फळ नव्हे. क्वार्टरबॅकला घाईने चेंडू फेकावा लागला, जागा सोडून पळावे लागले किंवा फेकताक्षणी धक्का बसला, तरी बचावाचे काम साधते. उलटपक्षी, पास झेलणाऱ्यांना मागच्या फळीतील खेळाडूंनी जखडून ठेवले म्हणून क्वार्टरबॅक चेंडू धरून बसतो आणि पकडला जातो, असेही घडते. अशा सॅकचे श्रेय पुढच्या फळीच्या नावे लिहिले जाते, एवढेच.

पार्श्वभूमी

२००५ मध्ये जायंट्सने ११ सामने जिंकले होते आणि त्यांच्याविरुद्ध ३१४ गुण झाले होते. बचावफळीच्या दोन टोकांना खेळणाऱ्या ओसी उमेन्योराने त्या वर्षी १४.५, तर मायकेल स्ट्रेहॅनने ११.५ सॅक नोंदवले होते. स्ट्रेहॅनच्या नावे २००१ मधील २२.५ सॅकचा, त्या काळचा हंगामातील विक्रमही होता.

२००६ मध्ये ही जोडी मोडली. पायाच्या दुखापतीमुळे स्ट्रेहॅन ९ सामन्यांपुरता उपलब्ध राहिला आणि त्याला ३ सॅक मिळाले. उमेन्योरा ११ सामने खेळला व त्याने ६ सॅक केले. तरुण जस्टिन टकही पायाच्या दुखापतीने अर्ध्याहून अधिक हंगाम बाहेर होता. संघाने ८ सामने जिंकले, ८ गमावले आणि बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात फिलाडेल्फिया ईगल्सकडून २०–२३ अशी हार पत्करली. दिलेल्या गुणांच्या क्रमवारीत संघ २४ वा, दिलेल्या यार्डांच्या क्रमवारीत २५ वा होता.

हंगाम संपल्यावर मुख्य प्रशिक्षक टॉम कॉफलिन यांनी बचाव समन्वयक टिम लुईस यांना पदावरून दूर केले आणि त्यांच्या जागी स्टीव्ह स्पॅग्नुओलो यांची नेमणूक केली. स्पॅग्नुओलो ईगल्समध्ये जिम जॉन्सन यांच्या हाताखाली तयार झाले होते. बचावातील अनपेक्षित खेळाडूला अनपेक्षित दिशेने क्वार्टरबॅकवर पाठवणे ही जॉन्सन यांच्या पद्धतीची ओळख होती.

२००७ चा साखळी हंगाम

सुरुवात वाईट झाली. स्ट्रेहॅनने निवृत्तीचा विचार करीत हंगामपूर्व शिबिर पूर्णपणे चुकवले होते. पहिल्या सामन्यात डॅलस काउबॉइजने ४५ आणि दुसऱ्यात ग्रीन बे पॅकर्सने ३५ गुण केले. दोन सामन्यांत ८० गुण देणाऱ्या बचावाबद्दल तेव्हा कोणी चांगले बोलणे शक्य नव्हते.

तिसऱ्या सामन्यात वॉशिंग्टनचा संघ मध्यंतरास १७–३ ने पुढे होता. उत्तरार्धात जायंट्सने त्याला एकही गुण करू दिला नाही, आणि अखेरच्या मिनिटात स्वतःच्या गोलरेषेपासून एका यार्डावर आलेले आक्रमण रोखून सामना २४–१७ असा जिंकला. येथून सलग सहा विजय मिळाले. त्या सहा सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांना मिळालेल्या गुणांची बेरीज ७९, म्हणजे पहिल्या दोन सामन्यांतील बेरजेपेक्षाही एकाने कमी होती. यांतील सहावा विजय लंडनच्या वेम्बली मैदानावर मायामी डॉल्फिन्सविरुद्ध मिळाला; लीगचा युरोपात झालेला तो पहिलाच साखळी सामना होता. उमेन्योराचा जन्म लंडनचाच. त्याचा सहकारी मथायस किवानुका हा युगांडाचे पहिले पंतप्रधान बेनेडिक्टो किवानुका यांचा नातू आहे.

३० सप्टेंबर २००७ रोजी ईगल्सविरुद्धच्या सामन्यात जायंट्सने क्वार्टरबॅक डॉनव्हन मॅकनॅबला १२ वेळा पाडले आणि एका सामन्यातील सॅकच्या लीगविक्रमाची बरोबरी केली. त्यांपैकी ६ एकट्या उमेन्योराचे होते. याच सामन्यात स्ट्रेहॅनने संघातर्फे सर्वाधिक अधिकृत सॅकचा लॉरेन्स टेलर यांचा विक्रम मागे टाकला. मात्र ईगल्सचा नेहमीचा डावा टॅकल जायबंदी असल्यामुळे त्या जागी अननुभवी खेळाडू होता आणि उमेन्योराची धाव बहुतेक त्याच बाजूने होती. हंगामाचा आकडा या एका रात्रीने फुगवला असा आक्षेप त्यामुळे घेता येतो. तो पडताळून पाहता हे १२ सॅक वगळूनही उरलेल्या १५ सामन्यांत ४१ सॅक राहतात, म्हणजे सामन्यामागे सुमारे २.७. आदल्या वर्षी हे प्रमाण नेमके २ होते. तेव्हा सुधारणा खरी होती, फक्त ५३ या आकड्यावरून वाटते तेवढी मोठी नव्हती.

हंगामाच्या उत्तरार्धात चित्र पुन्हा पालटले. शेवटच्या आठ सामन्यांत संघाविरुद्ध १९२ गुण झाले, सरासरी २४. या बेरजेत बचावाचा दोष नसलेले गुणही आहेत. मिनेसोटा व्हायकिंग्जविरुद्ध १७–४१ असा जो पराभव झाला, त्यात जायंट्सचा क्वार्टरबॅक एलाय मॅनिंग याचे तीन पास प्रतिस्पर्ध्यांनी मध्येच झेलून थेट टचडाउनपर्यंत नेले. त्यांचे २१ गुण झाले तेव्हा जायंट्सचे बचावपथक मैदानाबाहेर बसलेले होते. ‘दिलेले गुण’ हा आकडा संपूर्ण संघाचा असतो, बचावाचा नव्हे, ही गोष्ट तुलना करताना पुष्कळदा विसरली जाते. नोव्हेंबरमध्ये किवानुकाचा पाय मोडल्याचाही परिणाम झाला असावा. साखळीच्या शेवटच्या सामन्यात, २९ डिसेंबरला, पेट्रियट्सने ३८–३५ अशी बाजी मारली. टॉम ब्रेडी त्या सामन्यात एकदाच सॅक झाला.

साखळी संपली तेव्हा जायंट्सचे विजय १० व पराभव ६ होते. दिलेल्या यार्डांत संघ २५ व्या स्थानावरून ७ व्या स्थानी आला होता; दिलेल्या गुणांत तो २४ व्यावरून १७ व्या स्थानापर्यंतच पोहोचला होता.

सुधारणेची कारणे

उमेन्योरा १३, टक १० आणि स्ट्रेहॅन ९ अशी २००७ मधील सॅकची विभागणी आहे. या तिघांची बेरीज ३२ होते, आणि २००६ मध्ये संपूर्ण संघाचे मिळून सॅक तेवढेच होते. आदल्या वर्षी हेच तिघे संघात होते, पण एकत्र आणि निरोगी असे फार थोडे दिवस होते. त्यामुळे नव्या समन्वयकाला श्रेय देताना खेळाडूंच्या तंदुरुस्तीचा वाटा वजा करणे भाग आहे.

तरीही स्पॅग्नुओलो यांचे काम दुय्यम ठरत नाही. पास अपेक्षित असलेल्या प्रयत्नांत टोकाला खेळणाऱ्या टकला ते मध्यभागी आणीत. तेथे त्याच्यासमोर वजनाने भारी परंतु हालचालींत संथ असे आक्रमक फळीतील खेळाडू येत आणि टकचा वेग त्यांना झेपत नसे. टोकाचा खेळाडू असलेल्या किवानुकाला त्यांनी लाइनबॅकरच्या जागी खेळवले. यामुळे पास रशमध्ये तरबेज असलेले तीन-चार खेळाडू एकाच वेळी मैदानावर राहू लागले. या रचनेचा मोठा लाभ असा की केवळ चार जणांनी क्वार्टरबॅकला गाठता येत असल्यास उरलेले सात जण पास झेलणाऱ्यांवर नजर ठेवण्यास मोकळे राहतात. मागच्या फळीत त्या वर्षीच्या निवडप्रक्रियेत पहिल्या फेरीत घेतलेला आरॉन रॉस दाखल झाला होता, त्याचीही मदत झाली.

बाद फेरी आणि ४२ वा सुपर बोल

बाद फेरीत जायंट्सने एकही सामना घरच्या मैदानावर खेळला नाही. टँपा बे बकनिअर्सना २४–१४, काउबॉइजना २१–१७ आणि अतिशय कडाक्याच्या थंडीत, अतिरिक्त वेळेत पॅकर्सना २३–२० असे हरवून संघ अंतिम सामन्यात गेला. यांतील काउबॉइज आणि पॅकर्स या दोघांनी हंगामाच्या आरंभी मिळून ८० गुण केले होते. आता त्यांना ३७ गुणांवर थोपवले गेले.

पेट्रियट्सनी साखळीतील १६ सामन्यांत ५८९ गुणांचा तत्कालीन विक्रम केला होता आणि बाद फेरीसह सलग १८ सामने जिंकले होते. १६ साखळी सामन्यांत ब्रेडी अवघा २१ वेळा सॅक झाला होता. त्याच्या संरक्षक फळीतील तिघांची प्रो बोलसाठी निवड झाली होती. ॲरिझोना राज्यातील ग्लेन्डेल येथे झालेल्या अंतिम सामन्यात जायंट्सने त्याला ५ वेळा पाडले : टकने दोनदा आणि स्ट्रेहॅन, कविका मिचेल व जे आल्फर्ड यांनी प्रत्येकी एकदा. मध्यंतराच्या सुमारास टकने ब्रेडीच्या हातातून चेंडू उडवला व तो उमेन्योराने ताब्यात घेतला. शेवटच्या अर्ध्या मिनिटात पेट्रियट्सना बरोबरीची संधी असताना मध्यभागातून घुसलेल्या आल्फर्डने ब्रेडीला पाडले. सामन्यामागे सरासरी ३६ हून अधिक गुण करणाऱ्या संघाला १४ गुण मिळाले. बाद फेरीच्या चार सामन्यांत जायंट्सने एकूण ६५ गुण दिले, म्हणजे सामन्यामागे १६ च्या आसपास.

पुढील हंगामांशी तुलना

२००८ मध्ये स्ट्रेहॅन निवृत्त झाला आणि हंगामापूर्वीच्या सराव सामन्यात गुडघा दुखावल्याने उमेन्योरा वर्षभर खेळू शकला नाही. सॅक ५३ वरून ४२ वर घसरले. याच वर्षी संघाविरुद्ध केवळ २९४ गुण झाले, तो या निकषावर लीगमध्ये ५ वा आला आणि त्याने १२ सामने जिंकले. सॅक मोजले तर २००८ चा बचाव २००७ पेक्षा कमकुवत ठरतो, गुण मोजले तर स्पष्टपणे सरस. बाद फेरीत मात्र तो पहिल्याच सामन्यात ईगल्सकडून बाहेर पडला.

स्पॅग्नुओलो २००९ मध्ये सेंट लुईस रॅम्सचे मुख्य प्रशिक्षक म्हणून गेले. त्यांच्यामागे त्या वर्षी जायंट्सविरुद्ध ४२७ गुण झाले आणि नवा समन्वयक एका हंगामातच पायउतार झाला. २०११ मध्ये संघाविरुद्ध पुन्हा ४०० गुण झाले. स्वतः केलेले गुण ३९४ होते. त्या वर्षी सॅक मात्र ४८ होते, पैकी १६.५ जेसन पिअर-पॉलचे. हाच संघ ५ फेब्रुवारी २०१२ रोजी इंडियानापोलिस येथे पेट्रियट्सना २१–१७ असे हरवून पुन्हा विजेता झाला. साखळीत केलेल्यापेक्षा अधिक गुण देऊन सुपर बोल जिंकणारा तो पहिला संघ होय.