पावकाची मर्यादा

आपल्याकडे अग्नीला पावक म्हणतात; पावक म्हणजे शुद्ध करणारा. जे नासले, ज्याचे भय वाटले, ते अग्नीच्या स्वाधीन करावे, ही माणसाची फार जुनी रीत. विसाव्या शतकाने मात्र असा एक कचरा निर्माण केला की, त्याच्यापुढे अग्नीचेही अर्धेच चालते.

अमेरिकेतील टेनेसी राज्यात ओक रिज येथे १९४३ साली अणुबॉम्बसाठी युरेनियम समृद्ध करण्याचा एक अवाढव्य कारखाना उभा राहू लागला. अशा कारखान्यांतील तेले, द्रावके, विजेच्या उपकरणांतील पीसीबी नावाची चिवट रसायने यांत युरेनियमचा अंश मिसळत गेला. कचरा नुसता विषारी असता तर एक कायदा लागू पडता, नुसता किरणोत्सर्गी असता तर दुसरा. हा दोन्ही होता. अखेर ओक रिज येथेच त्यासाठी भट्टी बांधण्यात आली व १९९१ मध्ये ती चालू झाली. फिरत्या भट्टीत कचरा जाळावयाचा, निघालेला वायू दुसऱ्या दालनात पुन्हा तापवावयाचा, मग पाण्याने धुऊन धुराड्यावाटे सोडावयाचा, असा तिचा क्रम. पीसीबीच्या दहा लाख भागांपैकी एकाहून अधिक भाग शिल्लक राहता कामा नये, असा दंडक होता. डिसेंबर २००९ मध्ये ती बंद झाली, तोवर सुमारे साडेतीन कोटी पौंड कचरा तिने पचविला होता.

पचविला म्हणावयाचे, पण कितपत? अग्नी रेणू मोडतो. अणूच्या गाभ्याला तो हात लावू शकत नाही. पीसीबी नष्ट होते. युरेनियम मात्र राखेत आणि धुतलेल्या पाण्याच्या गाळात उरते, थोडेफार धुराड्यापर्यंतही पोहोचते. ज्याचे अर्धे होण्यास सुमारे ४५० कोटी वर्षे लागतात, त्याला भट्टीची आच ती काय! कचऱ्याचा ढीग लहान होतो, हा लाभ खराच. पण उरलेली राख सांभाळण्याचे काम कोणाला चुकत नाही.

हा प्रश्न पुढे आयडाहो राज्यात अधिक तीव्र झाला. तेथील कचऱ्यात तर प्लुटोनियम होते. त्यासाठी भट्टी योजली गेली, तेव्हा पूर्वेस सुमारे शंभर मैलांवरील वायोमिंगमधील जॅक्सन गावच्या लोकांनी विचारले, 'वारा आमच्याकडे वाहतो. धुराबरोबर काय येईल?' १९९९ मध्ये त्यांनी वर्गणी जमविली, जेरी स्पेन्स हे नामांकित वकील पुढे झाले, आणि प्रकरण न्यायालयात गेले. मार्च २००० मध्ये तडजोड होऊन सरकारने भट्टी स्थगित केली व पर्याय शोधण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली. पुढे त्या केंद्रात भट्टीवाचूनच काम झाले. पिंपे दाबून लहान करण्यात आली व न्यू मेक्सिकोतील खोल मिठाच्या थरांत पुरण्यासाठी पाठविण्यात आली.

यावरून भट्टी सर्वथा वाईट, असे ठरत नाही. पीसीबीसारखे विष जमिनीत मुरू देणे हेही पातकच. पण 'जाळले' याचा अर्थ 'संपले' असा नव्हे. राख कोठे जाते, आणि ती कोण व किती काळ राखणार, हे विचारण्यासाठी शास्त्रज्ञच असावे लागत नाही. जॅक्सनकरांनी ते विचारले, म्हणूनच दुसरी वाट शोधली गेली.