तळटीप १७ : ‘सगळे देशोधडीला लागले’
डब्ल्यूसीडब्ल्यू ही अमेरिकी व्यावसायिक कुस्तीची कंपनी मार्च २००१मध्ये प्रतिस्पर्धी विन्स मॅकमहनने विकत घेतली. लेखकाचे विधान मात्र सरसकट खरे नाही. बड्या मल्लांचे महागडे करार मॅकमहनने घेतलेच नाहीत. ते डब्ल्यूसीडब्ल्यूची मूळ मालक असलेल्या एओएल टाइम वॉर्नरच्या गळ्यात राहिले. त्यामुळे स्टिंग, गोल्डबर्ग वगैरे मंडळींना रिंगणात न उतरता घरबसल्या पैसे मिळत होते! डायमंड डॅलस पेजने कमी रकमेवर तडजोड करून मॅकमहनकडे जाणे पसंत केले; पुढे त्याने योगाचा व्यवसाय थाटला. जेफ जॅरेटला तर मॅकमहनने २६ मार्चला टीव्हीवरच, नावाची अक्षरे सुटी करून उच्चारत, हाकलले. पुढच्याच वर्षी जॅरेटने वडिलांबरोबर टीएनए ही कुस्तीची नवी कंपनी काढली. स्टिंगही कालांतराने तिथेच खेळला. — संपा.