दंडावरचा व्रण

एकोणिसाव्या शतकातली विशी चालू आहे, महिना वैशाखाचा. तुम्ही तंजावरात धन्वंतरी महालाच्या ओसरीवर उभे आहात. शेजारी बसलेल्या बाईच्या मांडीवर पाच-सहा वर्षांचं पोर आहे, डोळे चिकटलेले. ती तमिळमध्ये काहीतरी पुटपुटते आहे. आत एक वैद्य काढ्याचा वास घेऊन मान हलवतो, हकीमसाहेब त्याला प्रश्न विचारतात. इथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपीय वैद्यक जाणणारे एकाच छपराखाली काम करतात. गुण आलेल्या औषधांचे पाठ तमिळ पद्यात बांधून घेतले जातात, म्हणजे खेड्यातल्या वैद्यालाही ते तोंडपाठ होतील.

पलीकडे चितारी बसला आहे. रोग्याचा डोळा तो कागदावर उतरवतो आहे: बुबुळावरचा पांढुरका पडदा, कडेची लाली. कागदावर रोग्याची हकिकतही लिहिलेली आहे. नीट बघा. असा कागद इथली भाषा न येणाऱ्या वैद्यालाही पुष्कळ सांगेल.

तंजावरचे सरफोजीराजे येतात. गुडघ्यावर बसून पोराची पापणी उचलतात, आईशी तमिळमध्ये बोलतात. यांचं राज्य १७९९ मध्येच ईस्ट इंडिया कंपनीने घेतलं. उरला तो किल्ला आणि भोवतालचा थोडा मुलूख. ज्यांनी राज्य घेतलं त्यांच्याच देशातले ग्रंथ राजांनी आपल्या सरस्वती महाल ग्रंथालयात आणले. ही देवाणघेवाण बरोबरीची नव्हती. तरी राजांनी शिकणं सोडलं नाही, आणि मला त्यांची थोरवी इथेच दिसते.

आता पोराच्या दंडाकडे बघा. तिथे वाटोळा व्रण आहे, देवी टोचल्याचा. तो इथवर कसा आला, ते बघायला थोडं मागे चला, १८०२ सालात.

इंग्लंडात जेन्नरने गाईच्या देवीची लस शोधली, पण समुद्राच्या लांब वाटेवर उष्म्याने ती मरून जाई. तेव्हा व्हिएन्नाच्या डॉक्टर द कारोंनी लोम्बार्डीतल्या गाईंपासून मिळालेली लस खुश्कीने बगदादला धाडली. तिथे ती मुलांच्या दंडांवर धरली, मग बसरा, मग गलबत. तुम्ही मुंबईच्या धक्क्यावर उतरता. १४ जून १८०२. ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचतात आणि लस लागते. आठवड्याने तिच्या फोडातली लस दुसऱ्या मुलांना, त्यांच्याकडून आणखी पुढे. एक दुवा तुटला की सगळं खुंटलं. अशीच ती पुणे, हैदराबाद, मद्रासकडे निघाली. व्हिएन्नाचा डॉक्टर, तुर्की सुलतानाचं बगदाद, कंपनीची मुंबई. मधल्या मुलांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांचं ऋण मात्र सगळ्या जगावर आहे.

पुढे चला. १९५८ मध्ये सोव्हिएत संघाने जागतिक आरोग्य संघटनेपुढे देवी निर्मूलनाचा प्रस्ताव मांडला. मग शीतयुद्ध चालू असताना सोव्हिएत लस आणि अमेरिकी तज्ज्ञ एकाच मोहिमेत आले. तुमच्या दारावरही लस टोचणारे येऊन गेले. भारतातला शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये आसामात सापडला. मे १९८० मध्ये जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं.

आणि आता २०२१. तुम्ही मास्क लावून रांगेत आहात. बाटलीतली कोविडची लस ऑक्सफर्डमध्ये शोधलेली, पुण्यात बनलेली. त्या वसंतात आपल्याकडे दुसरी लाट उसळली, लशीची निर्यात थांबली आणि आफ्रिकेतले कित्येक देश महिनोन् महिने वाट बघत राहिले. आपल्या घरात प्रेतं मोजली जात असताना निर्यात थांबवणं भाग होतं, असं मी समजू शकतो. पण संकट दारात आल्यावर वाटणीचा नियम ठरत नसतो. तो आधी ठरवावा लागतो. २० मे २०२५ रोजी जिनिव्हात देशांनी महासाथ करार स्वीकारला. जंतूंचे नमुने देणाऱ्या देशांना लशीचा वाटा कसा मिळेल, हे सांगणारं परिशिष्ट तेवढं त्या दिवशी पुढच्या वाटाघाटींवर सोडलं गेलं.