न झालेल्या नुकसानाचा हिशेब

आंत्वान द सेंत-एक्झुपेरीची 'व्हॉल द न्वी' (रात्रीचे उड्डाण) ही कादंबरी १९३१ साली प्रसिद्ध झाली. कर्तव्य आणि धैर्य यांची कथा म्हणून ती वाचली जाते. परंतु तिच्या मुळाशी एका खाजगी विमान-टपाल कंपनीचे अर्थकारण आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही.

१९२९ पासून लेखक स्वतः ब्यूनोस आयर्स येथे एरोपोस्ताल या फ्रेंच कंपनीच्या अर्जेंटिनातील शाखेचे काम पाहत होता. रात्रीच्या उड्डाणांमागील हिशेब सरळ होता. विमानाने दिवसा रेल्वे व जहाज यांच्यावर मिळवलेली आघाडी रात्रीच्या मुक्कामात वाया जाई. वेग हाच कंपनीचा विक्रीचा माल होता. कादंबरीतील संचालक रिव्हिएर हाच युक्तिवाद करतो.

आता पहिले प्रकरण पाहावे. पातागोनियाचे टपाल घेऊन निघालेला फाबियाँ सान हुलियान येथे उतरतो. त्याच्या बिनतारी यंत्रचालकाला आकाशातील विजेची खरखर ऐकू येते. रात्री येथेच थांबावे, असे तो सुचवतो. पण पुढची सर्व ठाणी आकाश निरभ्र असल्याचे कळवतात, आणि फाबियाँ निघतो. ठाण्यांचे वृत्त खोटे नव्हते. ते त्या क्षणाचे निरीक्षण होते, पुढील काही तासांचा अंदाज नव्हता. या दोहोंतील अंतराची किंमत म्हणजे एक विमान, टपालाच्या थैल्या आणि दोन माणसे.

समजा, तसा अंदाज मिळाला असता आणि फाबियाँ थांबला असता. तर कंपनीच्या खातेवहीत केवळ एका रात्रीचा विलंब नोंदला गेला असता. टळलेल्या अपघातासाठी जमाखर्चात रकानाच नसतो. म्हणून यशस्वी अंदाज हिशेबनिसाला नेहमी तोट्यासारखा दिसतो.

आज लहान खाजगी विमानाचा वैमानिकही निघण्यापूर्वी उतरण्याच्या ठिकाणचा अंदाज पाहतो. पर्यायी विमानतळ आणि जादा इंधन त्यावरून ठरते. जादा इंधन म्हणजे वजन, आणि ते वाहण्यासाठी पुन्हा इंधन. अंदाजाचे हे मूल्य पैशांत मोजता येते. सान हुलियान येथे न काढलेल्या रात्रीचे मूल्य मात्र रिव्हिएरलाही मांडता आले नाही. पातागोनियाच्या टपालाची वाट न पाहता युरोपचे विमान सोडण्याची आज्ञा तो देतो, तेव्हा त्याच्या धैर्याइतकीच त्याच्या हिशेबाची ही अपूर्णताही वाचकाने लक्षात घेतली पाहिजे.