फुगणारे लाइफजॅकेट : खोल समुद्रातील शिडनौकानयनासाठी निवड

फुगणारे लाइफजॅकेट : एरवी गळ्याभोवती आणि छातीवर पट्ट्यासारखे चपटे बसणारे, पाण्यात पडल्यावर मात्र कार्बन डायऑक्साइड वायूने फुगून माणसाला उताणा तरंगत ठेवणारे जीवरक्षक साधन. मुंबईत गेटवे ऑफ इंडियाच्या लाँचवर दिसणारे नारिंगी जाकीट फोमचे असते. त्याला फुगावे लागत नाही, ते मुळातच तरंगते. फुगणाऱ्या जाकिटात पातळ आवरणाखाली नालाच्या आकाराचा घडी घातलेला फुगा, वायूची छोटी बाटली आणि तिचे तोंड फोडणारी कळ असते. दोरी ओढली किंवा कळ आपोआप चालली की साधारण पाच सेकंदांत फुगा भरतो. कळ चाललीच नाही तर तोंडाने फुंकून भरण्यासाठी खांद्याजवळ नळी ठेवलेली असते.

तरंगबल न्यूटनमध्ये मोजतात. दहा न्यूटन म्हणजे ढोबळमानाने एक किलो वजन पेलण्याइतके बल. आयएसओ १२४०२ या मानकात ५०, १००, १५० आणि २७५ अशा पायऱ्या आहेत. पन्नासचे साधन पोहता येणाऱ्यासाठी आणि मदत हाताशी असेल तिथेच. त्याला लाइफजॅकेट म्हणतही नाहीत. माणसाचे पाण्यातले वजन जेमतेम चार-पाच किलो भरते, मग १५० न्यूटन कशाला, असा प्रश्न पडतो. उत्तर शुद्ध हरपलेल्या माणसात आहे. उरलेले बल त्याला पालथ्याचा उताणा करण्यात आणि त्याचे तोंड लाटेच्या वर धरून ठेवण्यात खर्ची पडते. ३३ ग्रॅमच्या बाटलीतला वायू मोकळा झाला की सुमारे १८ लिटर जागा व्यापतो, म्हणून १५० ते १७० न्यूटनची बहुतेक जाकिटे याच बाटलीवर चालतात. २७५ न्यूटनला ६० ग्रॅमची बाटली लागते. ती जाड थंडीचे कपडे, हत्यारांचा पट्टा वगैरे अंगावर असणाऱ्यांसाठी. अरबी समुद्रात सुती सदरा आणि अर्ध्या चड्डीवर होडी हाकणाऱ्याला तिची गरज नाही. एवढा मोठा फुगा छातीवर घेऊन तराफ्यावर चढणेही जिकिरीचे होते.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील अलीकडच्या दोन दुर्घटनांवरून निवडीचा मुख्य प्रश्न कळतो. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळात मुंबईच्या पश्चिमेला तेलक्षेत्राजवळ पी-३०५ हा बार्ज बुडाला. त्यावरील २६१ जणांपैकी १८६ जणांना नौदल आणि तटरक्षक दलाने वाचवले. त्यातले अनेक जण लाइफजॅकेटच्या आधाराने उसळत्या पाण्यात कित्येक तास तग धरून होते. बार्ज जाणार हे दिसत होते, जाकिटे चढवायला वेळ मिळाला. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर इंजिनाची चाचणी चाललेली नौदलाची वेगवान बोट आदळली आणि १५ जण दगावले. तिथे वेळच नव्हता आणि बहुतेकांच्या अंगावर जाकीट नव्हते. त्यानंतर गेटवेहून सुटणाऱ्या बोटींवर प्रवाशांना जाकीट घालणे सक्तीचे झाले. शिडाच्या होडीवरून पडणाऱ्याचा प्रकार या दोहोंपेक्षाही आकस्मिक असतो : रात्रीचा पहारा, बाकीचे झोपलेले, शिडाचा दांडा अचानक फिरतो आणि पुढच्या क्षणी माणूस पाण्यात. म्हणून येथे कपाटातले जाकीट हिशेबातच धरायचे नसते. मे महिन्याच्या उकाड्यात फोमचे जाड जाकीट आठ तास कोणी अंगावर ठेवत नाही, फुगणारे ठेवतो. त्याच्या बाजूने सगळ्यात वजनदार मुद्दा हाच.

दोरी हाताने ओढायची की कळ आपोआप चालायची, हा पुढचा निर्णय. डोक्याला मार लागलेला माणूस दोरी ओढणार नाही, तेव्हा एकट्यादुकट्या पहाऱ्यासाठी स्वयंचलितच हवे. स्वयंचलित कळ दोन तऱ्हेची असते. स्वस्त प्रकारात पाण्यात विरघळणारी गोळी स्प्रिंग अडवून धरते. गोळी विरघळली की स्प्रिंग सुटते आणि सुई बाटलीला भोक पाडते. दुसरा प्रकार पाण्याच्या दाबावर चालतो : सुमारे दहा सेंटिमीटर बुडाल्याशिवाय झडप उघडतच नाही, त्यामुळे पाऊस, तुषार किंवा डेकवर आलेली लाट यांनी ती फसत नाही. थंड, कोरड्या देशांत हा फरक सोयीपुरता मानला तरी चालेल, कोकणपट्टीत तो निर्णायक आहे. जून ते सप्टेंबर इथली हवाच ओली असते. बंद कपाटात, ओल्या कपड्यांशेजारी ठेवलेल्या जाकिटातली गोळी दमटपणाने मऊ पडते आणि जाकीट कपाटातच फुगते. त्याहून वाईट म्हणजे पावसाळ्यात असे फुगलेले जाकीट घडी घालून परत ठेवले जाते, नवी बाटली बसवायची राहून जाते, आणि ऑक्टोबरात हंगाम सुरू झाला की तेच कोणीतरी अंगावर चढवतो. दाबाच्या प्रकाराची किंमत बरीच जास्त आहे आणि त्याचा संचही ठरावीक मुदतीने, बहुधा पाच वर्षांनी, बदलावा लागतो. तरी खोल समुद्रात जायचे असेल तर पैसे इथेच घालावेत.

ठाणे पूर्वेची कोपरी या बाबतीत चांगले उदाहरण ठरते, कारण तिथल्या पाण्यावर नेमका उलटा सल्ला लागू पडतो. कोपरीचे मीठबंदर आणि शेजारचा चेंदणी कोळीवाडा ठाण्याच्या खाडीवर आहेत. ही खाडी ऐरोली, वाशी, तुर्भे करत मुंबई बंदराला मिळते. ओहोटीला इथे गाळच गाळ उरतो, काठाला तिवरे. छोट्या होडीतून जाळे टाकणाऱ्याला दर फेरीत कमरेपर्यंत भिजावे लागते, गाळात उतरून होडी ढकलावी लागते. अशा कामात गोळीचे जाकीट नाहक फुगणार, आणि जाळ्याच्या दोऱ्या, फांद्या यांनी फुगा फाटण्याची धास्ती वेगळीच. विसर्जनाच्या बंदोबस्ताला किंवा पुराच्या पाण्यात उतरणाऱ्या पथकांनाही फोमच योग्य : ओरखडा पडला तरी ते तरंगते आणि त्याला बाटली लागत नाही. कोपरीत राहून मुंबईच्या क्लबात शिडाची होडी चालवणाऱ्याने एकच जाकीट दोन्हीकडे वापरण्याचा मोह टाळावा.

खोल समुद्रासाठीच्या जाकिटात हार्नेस अंगचाच असावा, म्हणजे छातीवरच्या कडीला सुरक्षादोरी अडकवून होडीशी बांधून घेता येते. गोव्यात दिवाडी बेटावरील रत्नाकर दांडेकर यांच्या अक्वेरियस कारखान्यात बांधलेल्या ‘म्हादेई’वरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेवरून ती कुठेही न थांबता पुरी केली. एकटा माणूस पडला तर स्वयंचलित सुकाणूवरची होडी त्याच्याविना पुढे निघून जाते. तिथे तरंगत राहण्याला फारसा अर्थ उरत नाही. पडायचेच नाही, एवढाच उपाय. म्हणून अनुभवी खलाशी सुरक्षादोरीला पहिले स्थान देतात आणि जाकिटाला दुसरे. सुरक्षादोरीतही धोका आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये क्लिपर जगप्रदक्षिणा शर्यतीतील एका नौकेवर दोरीचा हूक डेकवरच्या खुंटीखाली आडवा अडकला, भार आल्यावर वाकून सुटला आणि खलाशाचा जीव गेला. हूक ज्या दिशेने ताण सोसण्यासाठी घडवलेला असतो, त्याच दिशेने तो राहील याची काळजी घ्यावी लागते. दोरी कापायची सुरी जाकिटातच हवी. होडी उलटली तर फुगलेल्या जाकिटासह तिच्याखाली अडकण्याची भीती खरी आहे.

मांड्यांमधून जाणारे पट्टे दुकानात कोणाला आवडत नाहीत. ते नसले की फुगलेले जाकीट वर सरकते, फुगा कानांपाशी येतो आणि तोंड पाण्यात जाते. महागडे २७५ न्यूटनचे जाकीट पट्ट्यांविना घालण्यापेक्षा साधे १५० न्यूटनचे पट्ट्यांसह बरे. कमरेचा पट्टा आणि अंग यांच्यामध्ये मूठ मावेल इतकीच जागा असावी, आणि हे दुकानात उभ्या-उभ्या पाहता येते. चेहऱ्यावर ओढायचा पारदर्शक पडदाही घ्यावा : लाटांकडे पाठ फिरवता आली नाही तर तुषार सतत नाकातोंडात जातात आणि तरंगणारा माणूसही गुदमरतो. शिट्टी, परावर्तक पट्ट्या आणि पाण्यात पडल्यावर लागणारा दिवा यांवर वेगळे लिहायला नको.

सापडणे ही निराळी गोष्ट. मुंबई ते गोवा अंतर सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास; रात्री लाटांत डोके शंभर मीटरवरूनही दिसत नाही. ४०६ मेगाहर्ट्झवरचा वैयक्तिक संकेतक उपग्रहामार्फत बंगळुरूच्या केंद्राकडे आणि तिथून तटरक्षक दलाकडे खबर पोहोचवतो, पण हेलिकॉप्टर यायला वेळ लागतो. आधी परत फिरू शकते ती आपलीच होडी. म्हणून तिच्या पडद्यावर ठिकाण दाखवणारा एआयएस संकेतक जाकिटात बसवणे अधिक कामाचे. किनाऱ्यावरून कोणाला खबर द्यायची असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे.

देखभाल घरी जमते. हंगामापूर्वी फुगा हातपंपाने भरून चोवीस तास ठेवावा. तोंडाने फुंकल्यास आत वाफ साचते. बाटली काढून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवावी आणि तिच्यावर कोरलेल्या वजनाशी ताडून पाहावी. परत बसवताना हाताने घट्ट पिळावी : होडीच्या हादऱ्यांनी ती हळूहळू सैल होते आणि सुई तोंडापर्यंत पोहोचत नाही. जाकिटाच्या खिडकीतला हिरवा खूण-तुकडा जागेवर असला तरी बाटली भरलेली आहे असे समजू नये. हिरव्या खुणेचा अर्थ कळ सज्ज आहे इतकाच. खाऱ्या पाण्यात भिजलेले जाकीट गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे, आणि पावसाळ्यात गोळी काढून हवाबंद डब्यात ठेवावी.

परदेशातून जाकीट मागवणाऱ्यांनी आधी नव्या बाटल्यांचा विचार करावा. दाबाखालचा वायू हवाई टपालाने सहजासहजी येत नाही, म्हणून ज्या बनावटीच्या बाटल्या आणि कळसंच मुंबईत मिळतात तीच निवडावी, मग नाव थोडे कमी गाजलेले असले तरी चालेल. स्वतःसोबत विमानातून नेताना आंतरराष्ट्रीय नियमांनुसार जाकिटात बसवलेल्या दोन छोट्या बाटल्या आणि दोन सुट्या चालतात, मात्र विमान कंपनीची मंजुरी आधी घ्यावी लागते.