आवाज कशात ठेवायचा?

1902 च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात गौहर जान ग्रामोफोनच्या कर्ण्यापुढे गायल्या आणि शेवटी इंग्रजीतून मोठ्यानं स्वतःचं नाव सांगून थांबल्या. आज ऐकणाऱ्याला ती ऐट वाटते. होती मात्र सोय. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. गाणारी बाई कोण, हे तिथल्या कारागिराला कळणार कसं? हल्ली गाण्याच्या फाइलमध्येच कलाकाराचं नाव नोंदवून ठेवतात, त्या प्रथेची ही पणजी म्हणायची.

ध्वनिमुद्रणाच्या विषयात नव्यानं शिरणाऱ्यांना बहुतेक पुस्तकं आधी यंत्रं दाखवतात. मला त्यापेक्षा एक प्रश्न हाती द्यावासा वाटतो : या साधनानं काय गाळलं? मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावत. तासभर रंगणारा ख्याल तेवढ्यात बसवायचा, म्हणजे गवयाला आलापी आवरून मुद्द्यावर यावं लागे. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ऐकताना हे ध्यानात असू द्यावं. शिवाय 1925 च्या सुमारास विजेवरचं मुद्रण येईपर्यंत माइक नव्हताच. कर्ण्यात शिरलेल्या आवाजाच्या जोरावरच सुई हलायची. तंबोऱ्यासारखा नाजूक नाद तिच्यापर्यंत कुठला पोचायला!

1948 साली एलपी आली, एका बाजूला वीसेक मिनिटं मिळू लागली आणि विलंबिताला जरा पाय पसरता आले. 1963 ची कॅसेट स्वस्त, खिशात मावणारी. पण स्टुडिओतली रिळाची फीत सेकंदाला पंधरा इंच धावे, तर कॅसेटची दोन इंचही नाही. म्हणून तार आवाज बोथट आणि मागं सतत सळसळ.

1982 पासून सीडीनं आवाजाचे आकडे घरोघरी नेले. सेकंदाला 44,100 वेळा आवाजाचं माप घ्यायचं. इतक्यांदा का? तरुण कानाला सेकंदाला साधारण 20,000 कंपनांपर्यंत ऐकू येतं आणि कंपन अचूक पकडायला त्याच्या दुपटीहून जास्त मापं लागतात. हे गणित एकदा कळलं की निम्मी भीती जाते. अशा मुद्रणाला मिनिटाला सुमारे 10 एमबी जागा लागते. फ्लॅक हा फाइलचा प्रकार ती नीट घडी घालून कमी करतो, काहीही न टाकता. एमपीथ्री मात्र टाकतो : मोठ्या आवाजाच्या आड जे बारीक आवाज कानाला जाणवणार नाहीत असा त्याचा अंदाज, तेच आधी जातात. सेकंदाला 128 किलोबिटच्या दरानं केलेली फाइल सीडीच्या अकराव्या हिश्शाइतकी उरते. पुढं तिची वेव्ह फाइल केली तर आकार फुगतो. गेलेलं परत येत नाही.

हे मी ठेच खाऊन शिकलो. आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची कॅसेट होती. जागा वाचवायच्या नादात मी तिची अगदी कमी दराची एमपीथ्री केली आणि कॅसेट टाकून दिली. ओव्यांचे शब्द आजही स्पष्ट आहेत. जात्याची घरघर मात्र पाण्याखालून आल्यासारखी वाटते.

म्हणून या पुस्तकाचं पहिलं प्रकरण एडिसनवर नाही, घरातल्या कॅसेटवर आहे. एखादी असेल तर काढून ठेवा. फीत सैल झाली असेल तर चक्रात पेन्सिल घालून हलकेच गुंडाळा, आणि मग पान उलटा.